नुकसानीचा आकडा कोण ठरवतो? भारतातील विमा सर्व्हेअरच्या परवान्याचा इतिहास

#थ्रेड

१/ गोदामाला आग लागते. मालक नुकसानीचा एक आकडा सांगतो, विमा कंपनी दुसरा. या दोन आकड्यांच्या मध्ये जी व्यक्ती उभी राहते तिला कायद्याच्या भाषेत 'सर्वेक्षक व हानिनिर्धारक' म्हणतात, तर व्यवहारात नुसते 'सर्व्हेअर'. या व्यक्तीला सरकारी परवाना का लागू लागला, त्याची ही कथा.

२/ १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि दारूगोळा एकत्र वाहणाऱ्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर स्फोट झाले. आसपासची गोदामे व वस्ती आगीत सापडली. आगीच्या विम्यातून स्फोटजन्य हानी साधारणतः वगळलेली असे. मग जळालेला माल आगीचा बळी मानायचा की स्फोटाचा? अखेरीस सरकारला भरपाईसाठी स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला.

३/ हानीचे कारण आणि तिची किंमत ठरवणे हे किती जोखमीचे काम आहे, हे अशा प्रसंगी उघड होते. तरीही १९३८च्या विमा कायद्यात, तो संमत झाला तेव्हा, हे काम करणाऱ्यांसाठी परवान्याची अट नव्हती.

४/ ती आली १९६८च्या दुरुस्तीने. सर्वसाधारण विमा व्यवसायावर 'सामाजिक नियंत्रण' आणण्याचा तो काळ. याच दुरुस्तीने कायद्यात ६४-यूएम हे कलम घातले गेले. परवाना देण्याचा अधिकार विमा नियंत्रकाकडे गेला.

५/ पात्रता काय? अभियांत्रिकीची पदवी, सनदी लेखापाल वा परिव्यय लेखापाल संस्थेचे सदस्यत्व, विमागणिताची अर्हता, किंवा विमाविषयक पदवी वा पदविका. दुरुस्तीच्या वेळी जे आधीपासून या व्यवसायात होते त्यांनाही दार खुले ठेवले. अनुभवी जुन्या मंडळींना एका फटक्यात बाहेर काढणे कायद्याने टाळले.

६/ सोबत एक कडक नियमही आला. २०,००० रुपये वा त्याहून अधिक रकमेचा दावा परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय निकाली काढता येणार नाही. मात्र त्याला परंतुकही जोडले होते: सर्व्हेअरने ठरवलेल्या रकमेपेक्षा वेगळी रक्कम देण्याचा कंपनीचा हक्क अबाधित राहील. पुढच्या अनेक वादांचे मूळ या परंतुकात आहे.

७/ १९७३च्या आरंभी १०७ विमा संस्थांचे विलीनीकरण होऊन चार सरकारी कंपन्या उरल्या. पैसे देणारे सरकारी आणि परवाना देणारेही सरकारच! तरी सर्व्हेअर हा स्वतंत्र व्यावसायिकच राहिला. मात्र त्याची नेमणूक कंपनी करी आणि शुल्कही तीच देई.

८/ १९९९च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरणाला वैधानिक रूप मिळाले. २०००च्या विनियमांनी शैक्षणिक पात्रतेला परीक्षा, अनुभवी सर्व्हेअरच्या हाताखालचे प्रशिक्षण आणि आचारसंहिता यांची जोड दिली. ज्या दाव्यात स्वतःचे हितसंबंध गुंतले आहेत, त्यापासून सर्व्हेअरने दूर राहणे अपेक्षित होते. २००५मध्ये हैदराबादला या व्यावसायिकांची स्वतंत्र संस्था उभी राहिली.

९/ २००२च्या विनियमांनी विमेदाराच्या हाती दोन गोष्टी दिल्या. दाव्याची सूचना मिळाल्यापासून ७२ तासांत सर्व्हेअर नेमला जावा, आणि विमेदाराने मागितल्यास अहवालाची प्रत त्याला मिळावी. आपला आकडा का कापला गेला, हे सामान्य माणसाला कागदावर वाचता येऊ लागले.

१०/ २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत सीमा आखल्या. एका निकालाचा आशय असा की सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे. पुराव्याने तो खोडता येतो. दुसऱ्याचा आशय असा की मनासारखा अहवाल येईपर्यंत कंपनीला एकामागून एक सर्व्हेअर नेमता येणार नाहीत. पहिला अहवाल नाकारायचा तर सबळ कारणे द्यावी लागतील.

११/ २०१५मध्ये कायद्यातील जुनी रकमेची मर्यादा हटली आणि विनियमांनी नवी ठरवली: मोटार विम्यासाठी ५०,००० रुपये, इतर दाव्यांसाठी १,००,००० रुपये. रुपयाचे मोल घसरत गेले, तरी १९६८चा आकडा जवळपास अर्धशतक टिकला होता.

१२/ परवाना राज्यसंस्थेचा, शुल्क कंपनीचे आणि नुकसान विमेदाराचे, हा तिढा १९६८पासून कायम आहे. परीक्षा आणि पदवी सर्व्हेअरला ज्ञान देतात. त्याचा निःपक्षपातीपणा तपासायचा तर विमेदाराने अहवालाची प्रत मागावी, वाचावी आणि पटली नाही तर पुराव्यानिशी आव्हान द्यावे. हा हक्क सहज मिळालेला नाही. तो वापरला गेला तरच त्याला अर्थ.

(समाप्त)