हिवतापाचें घर कोठें?

विक्रोळीची खाडीकांठची दलदल पाहिली कीं हिवतापाची शंका मनांत येते. दूषित हवेनें ताप येतो, ही जुनी समजूत १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिवतापाचे जंतु पाहिले तेव्हां ढळली. पुढें डॉ. चार्ल्स बेंटली यांनीं मुंबईची पाहणी केली. त्यांच्या १९११ च्या अहवालानें बोट ठेविलें तें वस्तींतल्याच विहिरींवर व टांक्यांवर. कारण शहरी हिवताप पसरविणारा 'स्टीफेन्सी' डांस सांठलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. विहिरी बुजविण्यास धर्मभावनेनें विरोध झाला. तहान, श्रद्धा व आरोग्य यांचा तो कठीण झगडा होता. तेव्हां विक्रोळी शहराबाहेर होती. आज ती शहरांत आहे, आणि टांक्या घरोघरीं आहेत. म्हणून धोक्याचें मोजमाप खाडीकडे बोट दाखवून संपवूं नये. तें आपल्या गच्चीवरील टांकीच्या झांकणापासून सुरू करावें.