अहमदनगरच्या किल्ल्यातील मौलाना

सातवीत असताना आमच्या शाळेची सहल अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यावर गेली होती. त्या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात. १९४२ साली तिथे कैदेत असलेल्या पुढाऱ्यांची नावे मास्तर सांगत होते. नेहरूंविषयी ते बराच वेळ बोलले, त्यांनी तिथे लिहिलेल्या ग्रंथाविषयी बोलले. मौलाना अबुल कलाम आझाद हे नाव आले तेव्हा एवढेच म्हणाले, "हे नेहरूंच्या बरोबर होते." आम्ही पोरांनी ते वहीत उतरवून घेतले.

पुढे इतिहासाचा विद्यार्थी झालो आणि कळले की, ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक होऊन किल्ल्यात आणलेल्या त्या मंडळींचे अध्यक्षच आझाद होते. १९४० पासून १९४६ पर्यंत काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. म्हणजे अध्यक्ष माझ्या वहीत 'बरोबर' गेला होता. 'बरोबर होते' या दोन शब्दांत माणसे कशी पुसली जातात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांचाही उल्लेख 'घटना समितीत होते' एवढ्यावर आटोपणारी पुस्तके आपण शाळेत वाचली आहेत. म्हणून या माणसाचे आयुष्य आपल्या बाजूने, आपले प्रश्न घेऊन तपासावे असे मला वाटले.

आझादांचा जन्म १८८८ साली मक्केत झाला. मूळ नाव मोहिउद्दीन अहमद. वडील मौलाना खैरुद्दीन हे पीर होते आणि पुढे कलकत्त्यात राहिले. त्यांचा मुरीदवर्ग मोठा होता. इंग्रजी शिक्षणावर वडिलांचा विश्वास नव्हता. म्हणून मुलगा शाळेत गेलाच नाही. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, गणित, धर्मशास्त्र असा जुना पाठ घरीच झाला. सोळाव्या वर्षी तो संपला आणि हा पोरगा इतरांना शिकवू लागला.

इथपर्यंतची कथा एका प्रस्थापित धार्मिक घराण्याची आहे. आयती गादी, आयते शिष्य, हात चुंबायला उभी असलेली रांग. पण त्या मुलाने सर सय्यद अहमद खान वाचले, त्याच्या श्रद्धेला तडा गेला, काही काळ तो पूर्ण अश्रद्ध झाला. त्याने 'आझाद' हे नाव घेतले ते वारशाने आलेल्या मतांपासून मोकळे झाल्याची खूण म्हणून. वडील वारले तेव्हा पीराची गादी त्याने नाकारली. जन्माने मिळालेला अधिकार सोडणारी माणसे आपल्या देशात फार थोडी. जन्माने लादलेले हीनत्व झुगारणाऱ्यांना अशा माणसाचे मोल नक्कीच कळेल. मात्र दोन्हींत फरक आहे. सोडायला त्याच्यापाशी काहीतरी होते.

१३ जुलै १९१२ रोजी त्यांनी कलकत्त्यातून 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक काढले. मुसलमानांनी इंग्रजांच्या कृपेवर न जगता स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरावे, हा त्याचा गाभा. सरकारने तारण मागितले, ते जप्त केले, १९१४ मध्ये पत्र बंद पडले. 'अल-बलाग' काढले, तर १९१६ मध्ये बंगालमधून हद्दपारी आली. रांचीत ते १९१९ अखेरपर्यंत नजरकैदेत होते. तिथेही मशिदीत प्रवचने दिली, मदरसा उभा केला.

सुटकेनंतरचा काळ मात्र मला गौरवाने सांगता येत नाही. खिलाफतीच्या लाटेत १९२० साली आझादांनी हिजरतचा फतवा दिला. ब्रिटिशांच्या राज्यात राहण्यापेक्षा देश सोडून जावे, असा त्याचा रोख. सिंध आणि सरहद्द प्रांतातले हजारो गरीब शेतकरी जमीनजुमला, गुरेढोरे मिळेल त्या भावाने विकून अफगाणिस्तानच्या वाटेला लागले. तिकडे त्यांना पोसायची सोय नव्हती. सीमा बंद झाली. कित्येक वाटेत मेले. परतले त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. फतवा देणारे विद्वान हिंदुस्थानातच राहिले. याच सुमारास सर्व मुसलमानांचा एकच इमाम असावा आणि तो आपण असावे, अशीही त्यांची खटपट होती. ती उलेमांनीच हाणून पाडली. पीराची गादी सोडलेला माणूस तिच्याहून मोठ्या गादीकडे निघाला होता. १९२४ मध्ये खुद्द तुर्कांनी खिलाफत मोडीत काढली आणि सगळा डोलारा कोसळला. पुढाऱ्याच्या शब्दाची किंमत अनुयायी कोणत्या नाण्यात मोजतात, हे चळवळीतल्या प्रत्येकाने हिजरतीच्या इतिहासातून शिकावे.

पण आझाद तिथे थांबले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. १९२३ मध्ये, पस्तिशीत, दिल्लीच्या खास अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. स्वराज्य लांबले तर हिंदुस्थानचे नुकसान होईल, पण हिंदू-मुस्लिम ऐक्य गेले तर मानवजातीचे नुकसान होईल, अशा आशयाचे त्यांचे भाषण प्रसिद्ध आहे. पोलिसांच्या झडत्यांत कुराणावरील त्यांची हस्तलिखिते दोनदा गेली. त्यांनी ती पुन्हा लिहायला घेतली. 'तर्जुमान-उल-कुराण' या भाष्यात ईश्वर कोण्या एका गटाचा नाही, सर्व जगांचा पालनकर्ता आहे आणि धर्माचे सार एकच, आचार निराळे, असे त्यांनी मांडले. कर्मठांना ते रुचले नाही. राजकारणातली त्यांची ऐक्याची भूमिका या भाष्यावर उभी आहे. ती सोय म्हणून घेतलेली नव्हती.

आता १९४० हे साल पाहा. मार्चमध्ये रामगढला आझाद काँग्रेसचे अध्यक्ष. त्याच महिन्यात लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव. वर्षअखेरीस बाबासाहेबांचा पाकिस्तानवरील ग्रंथ. जुलैत जिनांनी आझादांना तार केली आणि काँग्रेसने शोभेसाठी उभे केलेले मुसलमान अशा अर्थाने त्यांना हिणवले. हा घाव आपल्या ओळखीचा आहे. पुणे करारानंतर राखीव जागांवर काँग्रेसने निवडून आणलेल्या आपल्या माणसांविषयी आपणही हेच बोललो, आणि बऱ्याचदा खरे बोललो. मग आझाद खरोखरच शोभेचे होते काय?

मला तसे वाटत नाही. शोभेच्या माणसाला स्वतःची योजना नसते. आझादांना ती होती. मर्यादित अधिकारांचे केंद्र आणि स्वायत्त प्रांत ही मांडणी त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये जाहीर केली. मे महिन्यातली कॅबिनेट मिशनची योजना तिच्या जवळची होती. काँग्रेस आणि लीग दोघांनी आधी ती मान्य केली आणि मग ती फिसकटली. अध्यक्षपद सोडून नेहरूंचे नाव पुढे केले ही आपली मोठी चूक होती, असे त्यांनी पुढे आत्मकथनात मान्य केले. पण हेही खरे की, फाळणी ठरत असताना कार्यकारिणीच्या बैठकीत ते कोपऱ्यात गप्प बसून सिगारेट ओढत होते, असे लोहियांनी लिहून ठेवले आहे. पदावर बसवणे निराळे आणि निर्णयात ऐकणे निराळे. अल्पसंख्याकांतला माणूस बहुसंख्याकांच्या पक्षात कितीही वर गेला तरी शेवटच्या घटकेला त्याचे वजन किती, हा प्रश्न आझादांच्या मौनातून आपल्यापुढे येतो.

त्यांच्या विचारात एक मोठी जागा रिकामी आहे. मुसलमानांतही अश्रफ, अजलफ, अर्जल असे थर आहेत, याकडे बाबासाहेबांनी १९०१ च्या बंगालच्या जनगणनेच्या आधारे बोट दाखवले होते. विणकरांची मोमीन परिषद हेच सांगत होती, आणि द्विराष्ट्रवादाला विरोधही करत होती. आझादांची समता धर्माधर्मांत होती. धर्माच्या आतल्या उतरंडीला तिने हात घातला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली, तेव्हा आझाद मंत्रिमंडळात होते. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा १९९० मध्ये. मुसलमान झालेला हलालखोर आणि ख्रिस्ती झालेला महार अजून बाहेरच आहेत.

स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून ते सुमारे साडेदहा वर्षे होते. १९५१ मध्ये खरगपूरला पहिली आयआयटी, १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान मंडळ, त्याच सुमारास साहित्य, संगीत, ललित कला यांच्या अकादम्या. बाबासाहेबांच्या आग्रहातून १९४४ साली सुरू झालेली अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्यांच्या खात्यात चालली, वाढली. आपल्यातल्या पहिल्या पदवीधरांत ती घेतलेले अनेक आहेत. मराठवाड्यात १९५० मध्ये उघडलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या बाकांवर बसलेल्यांना तिचे मोल विचारा. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५१ मध्ये देशात शंभरात अठरा माणसे साक्षर होती. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत सक्तीचे मोफत शिक्षण देऊ, असे घटनेने म्हटले होते. वरच्या इमारती उठल्या. गावकुसाबाहेरच्या पोराला शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळायला २००९ साल उजाडले.

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी आझाद गेले. पण माझ्या डोळ्यांपुढे ते येतात ते त्या किल्ल्यातले. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ होत्या. सरकारकडे सुटकेची याचना त्यांनी केली नाही. ९ तारखेला त्या गेल्या. त्याच खोलीत ते एका मित्राला पत्रे लिहीत होते, जी टपालात पडणार नव्हती: चहाविषयी, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांविषयी, आणि पत्नीच्या मृत्यूविषयी. १९४६ मध्ये त्यांचे 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झाले. ज्या सरकारशी लढायचे त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागायचे नाही, हा त्यांचा नियम होता. तो पाळताना त्या बाईंना काय सोसावे लागले, तेही याच हिशेबात मांडले पाहिजे.

मीही आता शिक्षक आहे. दरवर्षी मुलांना घेऊन त्या किल्ल्यावर जातो. तिथे मी आझादांची आरती ओवाळत नाही. हिजरतीची वाट सांगतो, गादी नाकारलेला तरुण सांगतो, कोपऱ्यातले मौन सांगतो. आणि मुलांना एकच बजावतो: कोणी कोणाच्या 'बरोबर होते' असे वहीत लिहिण्याआधी, तो माणूस स्वतः कोण होता ते विचारा.