समाधिप्रकरणांतील करुणरस आणि मराठी संतपट

बोलपट पाहतांना प्रेक्षक रडतात, ही गोष्ट इतिहाससंशोधनाच्या कक्षेबाहेरची आहे, असें पुष्कळांस वाटेल. जुनीं बाडें धुंडाळणाऱ्या वाचकांनीं पडद्यावरील छायेकडे कां वळावें, असाही आक्षेप कोणी घेईल. परंतु आमचें म्हणणें असें कीं, मराठी संतपटांनीं जे अश्रु काढले त्यांचा एक मोठा झरा हिंगोली जिल्ह्यांतील नरसी या गांवाकडे नेऊन पोंचवितो. आणि त्याचा माग पोथ्यांतूनच लागतो.

कयाधू नदीच्या कांठचें नरसी हें नामदेवांचें जन्मस्थान होय, अशी परंपरा आहे. जन्मशक ११९२ म्हणजे इ. स. १२७० मानितात. जन्म पंढरपुरास झाला असें म्हणणारा दुसरा पक्षही आहे. नामदेवांस विसोबा खेचरांचा उपदेश झाला तें औंढा नागनाथ याच जिल्ह्यांत आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पुढें परभणी जिल्ह्यांतून १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा झाला.

नामदेवांच्या नांवावर आदि, तीर्थावळी व समाधि अशीं ज्ञानेश्वरचरित्राचीं तीन प्रकरणें आहेत. ज्ञानेश्वरांचें चरित्र सांगणाऱ्या प्रत्येकास शेवटीं यांचाच आधार घ्यावा लागतो. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदी येथें ज्ञानेश्वरांनीं समाधि घेतली, तो प्रसंग समाधिप्रकरणांत आहे. नामदेवांचे पुत्र नारा, विठा, गोंदा व महादा समाधीची जागा झाडून स्वच्छ करितात. संतमंडळी भोंवतीं उभी असते. साक्षात् पांडुरंगही तेथें उपस्थित असतो, पण त्याच्या सान्निध्यानेंही कोणाचा शोक आवरत नाहीं.

या प्रकरणाचें मर्म आमच्या मतें निवृत्तिनाथांच्या शोकांत आहे. निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे वडील बंधु व गुरुही. आत्मा अमर आहे हें ज्यानें शिष्यास शिकविलें, तोच शिष्यास निरोप देतांना व्याकुळ होतो. समाधिस्थ होणारा शांत आहे. रडणें मागें उरणाऱ्याच्या वांट्यास आलें आहे. कवीनें येथें ज्ञानाचा पराभव दाखविलेला नाहीं. ज्ञान असूनही माया उरते, एवढेंच दाखविलें आहे. कार्तिक वद्य त्रयोदशीच्या कीर्तनांत हा भाग आला म्हणजे एरवीं कठोर दिसणारे वृद्धही उपरण्यानें डोळे पुसतात, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे.

शोकापासून आनंद कसा, या प्रश्नाचा विचार आपल्या आलंकारिकांनीं पूर्वींच केला आहे. भरतानें अश्रु हा आठ सात्त्विक भावांत गणिला. साहित्यदर्पणकार विश्वनाथ म्हणतो कीं, करुण दुःखमय असता तर त्याकडे कोणी वळलाच नसता. अश्रु येतात ते चित्त द्रवतें म्हणून. चित्रें पाहून रडण्याचा दाखलाही जुनाच आहे. भवभूतीच्या उत्तररामचरितांत पहिल्या अंकीं राम व सीता स्वतःच्याच वनवासाचीं रेखाटलेलीं चित्रें पाहतात, आणि जनस्थानाचा भाग येतांच गेलेलें दुःख रामास पुन्हां झोंबतें. बोलपटाच्या प्रेक्षकाची अवस्था याहून फारशी निराळी नाहीं.

आतां बोलपटांकडे वळूं. प्रभात फिल्म कंपनीनें १९३६ सालीं 'संत तुकाराम' व १९४० सालीं 'संत ज्ञानेश्वर' काढला. दोन्हींचें दिग्दर्शन दामले व फत्तेलाल यांचें होतें. पहिल्यांत विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपटप्रदर्शनांत त्या चित्राचा गौरव झाला. दुसऱ्यांत शाहू मोडक ज्ञानेश्वर होते. संन्याशाचीं मुलें म्हणून वाळीत पडलेल्या भावंडांची जी कथा प्रेक्षकांस हेलावते, तिचें जुनें रूप नामदेवांच्या 'आदि' प्रकरणांत आहे. 'संत तुकारामां'त वैकुंठास जाणाऱ्या तुकोबांपेक्षां मागें राहणारी, संसारांत गुंतलेली जिजाई डोळ्यांत पाणी आणते. जाणारा नव्हे, तर उरणारा रडवितो, हा समाधिप्रकरणाचाच धडा होय. चित्रकारांनीं तो पोथींतून उचलला असें आमचें म्हणणें नाहीं. कीर्तनानें प्रेक्षकांचें मन शतकानुशतकें त्या वळणाचें केलें होतें, इतकेंच आम्ही म्हणतों.

मात्र एक सावधगिरी राखिली पाहिजे. वर्णन हृदयास भिडतें, म्हणून तें प्रत्यक्षदर्शीचेंच असलें पाहिजे, हें अनुमान सदोष आहे. नामदेवांच्या हयातींतली प्रत उपलब्ध नाहीं. हातीं आहेत त्या पोथ्या पुढील शतकांतील. 'नामा' ही मुद्रा अनेकांनीं वापरिली आहे, आणि विष्णुदास नामा हा तर निराळाच, नंतरचा कवि. शासनानें १९७० सालीं नामदेवगाथा छापिली, तरी कर्तृत्वाचा वाद मिटला नाहीं. अश्रु रसाचें प्रमाण आहेत, इतिहासाचें नव्हेत. परंतु ते एका गोष्टीची साक्ष खास देतात: लोकांनीं जें ऐकून डोळे भिजविले, तेंच पुन्हां पुन्हां उतरून ठेविलें.

जें उतरलें जात नाहीं तें नष्ट होतें. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा कांहीं भागच आज उरला आहे, आणि बहुतेक मूकपट कायमचे गेले. चित्रपट सांभाळण्यास पुण्यास १९६४ सालीं संग्रहालय निघालें. बाडांची रखवाली मात्र अजून घरोघरच्या फडताळावर सोंपविलेली आहे. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, नरसी, औंढा व भोंवतालच्या गांवांत समाधिप्रकरणाचीं बाडें आढळल्यास अभंगांचा क्रम, मुद्रा आणि लेखनशक जशाच्या तशा टिपाव्या. तशा दहा प्रती शेजारीं ठेविल्या, तर कोणता अभंग जुना व कोणता मागून आलेला, याचा निर्णय करण्यास कांहीं तरी आधार मिळेल. तोंपर्यंत हा शोक नामदेवांचा कीं त्यांच्या नांवानें रडणाऱ्या पुढच्या पिढ्यांचा, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.