नवऱ्याचे कर्ज आणि बायकोची सही

पेण तालुक्यातले हमरापूर हे गणपती घडविणारांचे गाव. माती-रंगाला पैसा आधी लागतो; तो हाती येतो भाद्रपदात. मधले महिने कर्जावर निघतात. हंगाम बुडाला, नवराबायको विभक्त झाली आणि नवऱ्याने कोर्टात नादारी मागितली, की धनको बायकोचे दार ठोठावतो. तिने ते कर्ज फेडावे काय?

याज्ञवल्क्यस्मृतीचे उत्तर स्पष्ट आहे. नवऱ्याचे कर्ज बायकोवर नाही. तिने पत्करलेले, त्याच्यासह काढलेले वा स्वतः केलेले तेवढेच तिचे. पण हीच स्मृती मृताच्या बायकोचा स्वीकार करणाऱ्या पुरुषावर मृताचे कर्ज टाकते. म्हणजे शेतावरचा बोजा शेताबरोबर जावा, तसे कर्ज बाईबरोबर जाई! मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने ही रीत मोडली आणि मुलाची जबाबदारीही वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच ठेवली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. स्त्रीधन बायकोचेच, नवरा त्याचा केवळ राखणदार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ठणकावून सांगितले.

मग बाई अडकते कोठे? सहीत. मुंबई शहराबाहेरच्या नादारीसाठी १९२० साली कायदा झाला. त्यात नादाराची कर्जातून मुक्तता होते. सहकर्जदाराची आणि जामिनाची होत नाही. नवरा सुटतो, सही करणारी राहते. वेगळे बिऱ्हाड केल्याने सही पुसली जात नाही. नादारी जवळ आली म्हणून नवऱ्याने घर बायकोच्या नावे फुकट करून दिले, तर दोन वर्षांच्या आतला असा व्यवहार कोर्ट रद्द करू शकते.

तेव्हा विभक्त होणाऱ्या भगिनीने पहिले काम करावे ते हे: चालू खात्याला सततची जामीनकी दिली असेल, तर धनकोला लेखी नोटीस द्यावी. १८७२ च्या करार कायद्यानुसार पुढच्या उचलीची जबाबदारी तिथे थांबते. मागची मात्र राहते. दागिन्यांच्या पावत्या जपाव्यात. आणि जप्ती आलीच तर भिऊ नये: १९०८ च्या दिवाणी संहितेने स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र आणि कारागिराची हत्यारे जप्तीबाहेर ठेवली आहेत.

कामगार चळवळीत आम्ही न वाचलेल्या कागदावर सही करू नका असे सांगतो. तो नियम घरातल्या कागदालाही लावा.