मनमाडची परिषद आणि कंपनीचे वाय-फाय

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी नाशिक जिल्ह्यातील मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे बाबासाहेबांनी तिथे ठणकावून सांगितले. हे वाक्य आपण व्यासपीठावरून नेहमी ऐकतो. त्याच भाषणातला एक तपशील मात्र विसरला जातो. रेल्वेत अस्पृश्याला हमालाची नोकरी सहसा मिळत नसे. कारण काय? हमालाला स्टेशनमास्तरच्या घरीही राबवले जाई, आणि अस्पृश्याचा स्पर्श घरात चालत नसे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. वरच्याला फक्त काम नको होते, कामापलीकडचा माणूसही हवा होता. महार वतनाचे तरी वेगळे काय होते? चोवीस तास गावाच्या हाकेला हजर! त्या बेड्या तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले.

आता सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे पाहा. कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवर कोणते यंत्र, किती वाजता, कोणत्या साइटवर गेले, याची नोंद ठेवता येते. यंत्र कंपनीचे असेल तर पडद्यावरचा मजकूरही वाचता येतो. मालक म्हणतो, नेटवर्क माझे आहे. मान्य. गोपनीय माहितीची चोरी रोखण्याचा हक्कही मान्य. पण तार मालकाची म्हणून तिच्यावरून जाणारा माणूस मालकाचा होत नाही. जेवणाच्या सुट्टीत कोणी युनियनच्या वकिलाला मेल पाठवला, जातीय छळाची तक्रार लिहिली, तर ती सर्वात आधी कोणी वाचायची? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने?

पाळतही उतरंडीनेच खाली येते. नागपूर महापालिकेने जीपीएस घड्याळे बांधली ती सफाई कामगारांच्या मनगटावर. या कामात बहुसंख्य कोण आहेत, हे सांगायला नको.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये माणसाची, घराची आणि कागदपत्रांची अवाजवी झडती होऊ नये, असे कलम मांडले होते. संविधानात ते आले नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ ने नोकरीच्या कारणासाठी, मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, कामगाराच्या संमतीशिवाय त्याची माहिती वापरण्याची मुभा दिली. दार उघडले आणि खिडकी लावून घेतली!

म्हणून मागणी साधी आहे. काय नोंदवता, किती दिवस ठेवता, कोण पाहतो, हे कामगाराला मराठीत लेखी द्या. युनियनशी आणि वकिलाशी होणारा पत्रव्यवहार पाळतीतून वगळा. त्या नोंदीवरून कारवाई करायची तर आधी नोंद दाखवा, त्याचे म्हणणे ऐका.

मनमाडला कामगार संघटित होण्यासाठी जमले होते. आज ते मोबाइलवर जमतात. त्या सभेत मालकाला बिनबोलावता बसू द्यायचे का, हे आपण ठरवायचे आहे.

जय भीम!