गादीखालचे इंजिन : आवाज, उष्णता आणि न दिसणारा वायू

चालकाशेजारच्या इंजिनच्या पेटीवर टेकून ज्याने बसचा लांबचा प्रवास केला आहे, त्याला इंजिनची धग आणि धडधड म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. तशाच पेटीवर गादी अंथरून रात्र काढायची म्हटले, तर अनेक जण नकारच देतील. युरोप-अमेरिकेतील हजारो हौशी प्रवासी मात्र गेली अनेक दशके हेच करीत आले आहेत. फोक्सवॅगनच्या जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये इंजिन गाडीच्या मागच्या टोकाला असते आणि नेमके त्याच्यावरच बिछान्याचे मागचे टोक येते. गादी आणि इंजिन यांच्यामध्ये असतो तो केवळ एक पत्रा. या पत्र्याला अस्तर कसे लावावे, हा अशा गाड्या बाळगणाऱ्यांच्या कायमच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

या रचनेचे मूळ १९४७ मध्ये सापडते. डच आयातदार बेन पॉन यांनी त्या वर्षी एका वहीत पेटीच्या आकाराच्या गाडीचे रेखाचित्र काढले. त्यात चालक पुढच्या चाकांवर, इंजिन मागच्या चाकांवर आणि मधली सगळी जागा सामानाला अशी मांडणी होती. १९५० च्या मार्चमध्ये या गाडीचे उत्पादन जर्मनीत सुरू झाले आणि वेस्टफालिया या जर्मन कंपनीने १९५१ पासून तिच्यात बसवण्याजोगे झोपण्याचे व स्वयंपाकाचे सामान तयार केले. १९७९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीतही, म्हणजे ‘टी-३’ मध्येही, इंजिन मागेच राहिले. या गाडीत सामानाच्या जागेच्या तळाशी वरून उघडणारे झाकण आहे. मागची सीट आडवी केली, की तिची पाठ आणि या झाकणावरची गादी मिळून दुहेरी बिछाना होतो. १९९० मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत इंजिन पुढे गेले आणि प्रश्न संपला. जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी तो अर्थातच कायम राहिला.

एक नव्हे, तीन कामे

झाकणाला जाड फोम चिकटवला की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात या झाकणाकडून तीन वेगवेगळी कामे अपेक्षित असतात. इंजिनचा आवाज अडवणे, त्याची उष्णता अडवणे आणि इंजिनकक्षातील वायू राहत्या भागात येऊ न देणे. या तिन्हींची साधने निराळी आहेत. एकासाठी वापरलेली वस्तू दुसऱ्या कामाला निरुपयोगी, आणि आगीच्या दृष्टीने तर घातकही ठरू शकते.

आधी आवाजाचा विचार करू. चार सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरते, तेव्हा सेकंदाला १०० स्फोट होतात. म्हणजेच त्याच्या घुमण्याची मूळ कंप्रता १०० हर्ट्झ असते. हवेत या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर भरते. सच्छिद्र फोम आवाज शोषतो हे खरे. परंतु चांगले शोषण व्हायचे, तर त्याची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असावी लागते. येथे ती ८५ सेंटिमीटर भरेल! दोन-तीन सेंटिमीटरचा फोम इंजिनची कर्कश खळखळ कमी करतो, मात्र खालच्या पट्टीतला घुमारा त्यातून सहज पार होतो.

घुमारा अडवायला हवे वजन. आडव्या आलेल्या थराचे वजन दुप्पट केले, तर पार जाणारा आवाज तत्त्वतः सुमारे ६ डेसिबलने घटतो. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला जवळपास ८ किलो असते. त्यावर दर चौरस मीटरला ५ किलो वजनाचा जड व्हिनाइलचा थर घातला, की सुमारे ४ डेसिबलचा फायदा मिळतो. हा थर पत्र्याला थेट न चिकटवता मध्ये पातळ मऊ फोम ठेवला, तर वरच्या पट्टीतील आवाज आणखी कमी होतो. पत्रा स्वतःच ढोलासारखा वाजत असेल, तर त्याला ब्यूटिलचे ॲल्युमिनियम चढवलेले चिकट तक्ते लावतात. त्यांनी सगळा पत्रा झाकण्याची गरज नसते. मधला अर्धा भाग झाकला तरी कंपन पुष्कळ शमते. स्वस्त डांबरी तक्ते मात्र उष्णतेने मऊ पडून ओघळतात.

फटीचा हिशेब

एवढा खर्च करूनही अनेकांची निराशा होते, याचे कारण बहुधा कडेच्या फटीत असते. एक मीटर लांब व एक मीटर रुंद झाकण धरले आणि त्याच्या चारी कडांना अडीच मिलिमीटरची फट राहिली, तर उघडी जागा एकूण क्षेत्राच्या एक टक्का भरते. एक टक्का उघडी जागा असेल, तर झाकण कितीही जड केले तरी आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त घटू शकत नाही. म्हणून पहिला खर्च झाकणाच्या कडेच्या रबरी पट्टीवर करावा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रबर कडक होते, तडकते आणि चपटे होऊन बसते. वायरी व नळ्या जेथून पत्र्यातून आत येतात, तेथील रबरी कड्याही तपासायला हव्यात.

रबर बदलण्याचे याहून गंभीर कारण म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. डोकेदुखी, गरगरणे आणि मळमळ ही त्याची लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखीच वाटतात; झोपेत तर ती जाणवतच नाहीत. एक्झॉस्टच्या नळीचा सांधा गळत असेल, तर इंजिनकक्षात साठलेला हा वायू फटीतून थेट बिछान्याच्या जागी येतो. त्यामुळे गाडीत माणसे झोपलेली असताना इंजिन चालू ठेवू नये.

हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनांत धोक्याची आणखी एक वाट आहे. या गाड्यांत थंडीसाठीची ऊब एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीच्या कवचातून घेतली जाते. आतली नळी गंजून भोक पडले, तर विषारी वायू गरम हवेबरोबर केबिनमध्ये शिरतो. मग झाकण कितीही घट्ट असले तरी उपयोग होत नाही. युरोपात अशा गाड्यांसाठीच्या कार्बन मोनॉक्साइड सूचकांना ‘ईएन ५०२९१-२’ हे वेगळे मानक आहे. ते पाहूनच सूचक घ्यावा.

उष्णता आणि आग

गाडी थांबल्यावर इंजिन लगेच थंड होत नाही. पंखा थांबतो, वाहती हवा बंद होते आणि कक्षातील तापमान काही काळ उलट वाढते. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्याबरोबर गादी गरम लागते ती यामुळे. चकचकीत ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग त्याच्यावर पडणारी बहुतेक प्रारणित उष्णता परतवतो. मात्र त्याच्यासमोर हवेची मोकळी जागा हवी. तो कशाला टेकला, तर वहनाने उष्णता पार जातेच. म्हणून चमकती बाजू इंजिनकडे, खाली मोकळी राहील अशी ठेवतात.

झाकणाच्या खालच्या अंगाला काय लावू नये, हे अधिक महत्त्वाचे आहे. थर्माकोल १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडतो आणि पेटतोही. गादीचा साधा पॉलियुरेथेन फोम काही वर्षांत भुगा होऊन इंजिनवर झडतो. शिवाय उघडा फोम तेल आणि पेट्रोलची वाफ शोषून घेतो. असा फोम म्हणजे इंजिनच्या डोक्यावर टांगलेली वातच. विक्रेते कधीकधी ‘एफएमव्हीएसएस ३०२’ या अमेरिकी चाचणीचा दाखला देतात. ही चाचणी गाडीच्या आतील भागातील वस्तूंसाठी आहे आणि तिच्यात ज्वाला मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरू नये, एवढीच अट असते. वस्तू जळतच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. इंजिनकक्षात मेलामाइन फोम किंवा खनिज लोकर हे पर्याय बरे. त्यांवर ॲल्युमिनियमचे किंवा काचतंतूंचे आवरण असावे आणि कापलेल्या कडा ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद केलेल्या असाव्यात.

केवळ गोंदावर भरवसा ठेवू नये. उष्णतेने गोंद सुटला, तर तक्ता पट्ट्यात अडकतो किंवा तापलेल्या एक्झॉस्टवर पडतो. मोठे वायसर लावून स्क्रूने तो पक्का करावा. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा पंखा कक्षातीलच हवा ओढतो. ती गाडीच्या मागच्या कोपऱ्यांतील जाळ्यांतून आत येते. तो मार्ग अस्तराने अरुंद झाला, तर इंजिन तापते. या सगळ्याआधी पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलून घ्याव्यात. त्या जुन्या होऊन तडकणे हे या गाड्या पेटण्याचे परिचित कारण आहे.

थरांचा क्रम

खालून वर जाताना क्रम असा ठेवावा : इंजिनकडे तोंड केलेले चमकते आवरण, त्यामागे न पेटणारा शोषक थर, मग झाकणाचा पत्रा. पत्र्याच्या वरच्या, तुलनेने थंड अंगाला ब्यूटिलचे तुकडे, त्यावर बंद छिद्रांचा पातळ फोम, त्यावर जड व्हिनाइल आणि शेवटी गालिचा. हे सर्व थर झाकणापुरतेच कापलेले असावेत, म्हणजे बिघाड झाला तर गादी उचलून झाकण लगेच उघडता येते. वरचे थर फार जाड झाले, तर बिछान्याचे दोन भाग एका पातळीत राहत नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवे. थंडीच्या रात्री माणसांच्या श्वासातील बाष्प गार पत्र्यावर साठते आणि गंज धरतो. त्यासाठी गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी ठेवून हवा खेळती राहू द्यावी.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर व्हॅनचे फिरते घर करण्याची कल्पना येथेही रुजते आहे. आपल्याकडील व्हॅनमध्ये इंजिन सहसा पुढे असते. काहींत ते चालकाच्या केबिनमधील पेटीखाली असते. जागा बदलली तरी वर सांगितलेले नियम बदलत नाहीत. फट आधी बुजवावी, वजन नंतर वाढवावे आणि इंजिनजवळ पेट घेणारी कोणतीही वस्तू लावू नये. हे काम करून घेताना कारागिराला एकच प्रश्न जरूर विचारावा : खालच्या अंगाला लावलेल्या वस्तूचा एक तुकडा गाडीबाहेर, मोकळ्या जागेत काडीने पेटवून दाखवाल का? तो तुकडा जळत राहिला किंवा त्यातून जळते थेंब गळू लागले, तर ती वस्तू गाडीत बसवू नये.