जीवाणूंच्या वहीतील शत्रू

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर सांता पोला गावी मिठागरे आहेत. तिथल्या खारट पाण्यात सुखाने जगणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचा अभ्यास जवळच्या आलिकांते विद्यापीठात फ्रान्सिस्को मोहिका हे तरुण संशोधक करत होते. त्याच्या डीएनएमध्ये सुमारे ३० अक्षरांचा एकच मजकूर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येई. जपानी संशोधकांना १९८७ मध्ये ई. कोलाय या जीवाणूत असेच दिसले होते. कशासाठी, ते कोणालाच कळेना.

मोहिकांनी पुढे मधल्या जागांतला मजकूर वाचायचे ठरवले. २००३ च्या उन्हाळ्यात, सुटी असूनही, गावच्या उकाड्याला कंटाळून ते विद्यापीठातल्या वातानुकूलित खोलीत येऊन बसत. एकेक तुकडा उचलायचा आणि जगभरच्या डीएनए नोंदींत संगणकाने शोधायचा. एके दिवशी ई. कोलायचा एक तुकडा पी-१ नावाच्या विषाणूशी जुळला. गंमत म्हणजे, जीवाणूच्या त्या वाणाला पी-१ ची बाधा होत नाही, हे आधीच माहीत होते!

आठवडाभरात ४,५०० तुकडे तपासून झाले. जुळले फक्त ८८. त्यांतले दोन-तृतीयांश विषाणूंशी, किंवा एका जीवाणूतून दुसऱ्यात जाणाऱ्या डीएनएशी. शंभरात दोनसुद्धा नाहीत! मी असतो तर कागद गुंडाळून ठेवले असते. पण तेव्हा वाचले गेलेले विषाणूच मुळात थोडे होते. जीवाणूची वही भरलेली होती, अपुरा होता तो आपला साठा.

जीवाणू शत्रूचा तुकडा जपून ठेवतो आणि पुढच्या पिढीला देतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नियतकालिकांकडून लेख साभार परत येत राहिला, छापून आला तो थेट २००५ मध्ये. प्रयोगाचा पुरावा मिळाला २००७ मध्ये, डॅनिस्को कंपनीच्या संशोधकांकडून, आणि तोही विरजणाच्या जीवाणूत. विषाणूच्या हल्ल्यातून वाचलेल्या जीवाणूंच्या वहीत नवे तुकडे आलेले होते.

नवी नोंद वहीच्या एका टोकाला चढते, जुन्या मागे सरकतात. म्हणून कोणती लढाई आधीची, कोणती नंतरची, हेही वाचता येते. विषाणूही स्वस्थ बसत नाही. मोक्याच्या जागी एखादे अक्षर बदलले, की नोंद निकामी. मग जीवाणूला पुन्हा नवी नोंद करावी लागते.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या खाणीच्या आम्लयुक्त पाण्यातला सगळा डीएनए एकत्र वाचला गेला. कोणता विषाणू कोणावर चालून जातो, हे संशोधकांनी ओळखले ते या वह्यांवरूनच.